सगळे हात वर

२ नोव्हेंबर

मुंगे,

अभिनंदन करायच्या आधी तुला एक धपाटा घालायला हवा. इथे शिक्षिका म्हणून निवड झाल्याचं पत्र तुला पोचलं हे मला आमच्या मुख्याध्यापिकेच्या तोंडून कळावं? तुला पत्र येऊन आठ दिवस झाले, आणि जिनं तुझा अर्ज स्वतःच्या हातानं त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला त्या मावसबहिणीला एक ओळ नाही! फोन केला तर "हो गं, बघू" म्हणून ठेवून दिलास. मागून तुझ्या सासूबाई "कोण आहे, कोण आहे" करत होत्या तेही ऐकू आलं. तुझ्या घरी फोन म्हणजे पंचायतच असते, म्हणून आपलं जुनंच बरं. मी पत्र लिहिते, तूही पत्रच लिही.

आता ऐक. तुझ्या तासाचा व्हिडिओ आमच्या बैठकीच्या खोलीत सात जणांनी मिळून पाहिला. मी कोपऱ्यात चहाचा कप घेऊन बसले होते, ग्रंथपालाला कोण विचारतंय. चाळीस मिनिटं कुणी हललं नाही. तू गणित काय शिकवलंस ते या परदेशी मंडळींना भाषेमुळे अर्धंमुर्धंच कळलं असेल, पण शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "या वर्गात एकही मूल घाबरलेलं नाही. प्रश्न कुठलाही असो, प्रत्येक हात वर." अडुसष्ट अर्ज आले होते, बाई. अडुसष्ट! तिथल्या तिथे तुझं नाव पक्कं झालं.

सही केलेला कागद ३१ जानेवारीपर्यंत इथे पोचायला हवा. खोलीसुद्धा बघून ठेवलीय, माझ्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर. गरम पाणी चोवीस तास, खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. पहिलं वर्ष तू एकटी ये, मग लेकीची परीक्षा झाली की ती आणि तुझा नवरा. सगळं विचार करून ठेवलंय मी. तुला फक्त सही करायचीय.

आई असती तर ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला थांबवून "माझी भाची, माझी भाची" करत सुटली असती. माझ्याबद्दल कधी सुटली नाही, पण ते असो.

उलट टपाली उत्तर.

ताई

•

२० नोव्हेंबर

ताई,

नमस्कार, पायावर डोकं, सगळं काही आलं असं समज. धपाटा पण पोचला.

रागावू नकोस. आनंद झालाय गं, नाही कसा होणार? पण इथलं सगळं सोडून निघायचं म्हणजे काय खायचं काम आहे? सासूबाईंचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत. त्यांना आंघोळीला बसवायचं, उठवायचं, ते मीच करते. ह्याला जमत नाही, आणि त्यांनाही मुलाकडून करून घ्यायला आवडत नाही. लेकीचं महत्त्वाचं वर्ष. ती म्हणते, "आई, तू जा, मी करीन सगळं," आणि साधं दूध तापवायला ठेवलं की उतू घालवते. हा तर इतक्या उत्साहानं "जा, जा" म्हणतोय की मला संशयच यायला लागलाय.

शिवाय माझी सातवी. एका वर्गात बेचाळीस मुलं. वर्षाच्या मध्येच त्यांना कुणाच्या गळ्यात घालू?

शाळेत मात्र माझा नुसता उदोउदो चाललाय. हेडसरांनी प्रार्थनेनंतर माझं नाव घेतलं. मग त्यांच्या डोक्यात आलं की पालकसभेला तो व्हिडिओच मोठ्या पडद्यावर दाखवायचा. मी नको नको म्हटलं, पण ते कुणाचं ऐकतात का? गेल्या शनिवारी दाखवला. हॉल भरला होता. पंखे बंद होते, कारण पंख्यांच्या आवाजात मुलांची उत्तरं ऐकू येत नव्हती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झालं ते बरं झालं म्हणायचं.

तू बघितलेली खोली छान असेल. पण इतकी घाई करू नकोस. मला वेळ दे.

तुझी,
मुंगी

•

५ डिसेंबर

मुंगे,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा डोकं फिरलं.

सासूबाईंचे गुडघे गेली सहा वर्षं तसेच आहेत. त्यांच्यासाठी बाई ठेवता येते, आणि ती तुझ्यापेक्षा चांगलं करील, कारण तू घाईघाईत करतेस. लेक दूध उतू घालवते म्हणून कुणी नोकरी सोडतं का? तू तिच्या वयाची असताना मावशीच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, सगळ्या भांड्यांची बुडं करपवून ठेवली होतीस, माझ्या डोळ्यांदेखत. आणि सातवी! सातवी दरवर्षी असते. तुझ्याआधी होती, तुझ्यानंतरही राहील.

खरं सांग, नवरा नाही म्हणतोय ना? वरवर "जा, जा" आणि आत तोंड फुगवून? तसं असेल तर मी सरळ त्यालाच फोन करते. त्याला माझी भीती वाटते हे मला माहीत आहे, लग्नात बूट लपवले होते तेव्हापासून.

की तुलाच भीती वाटतेय? परकी भाषा, परकी मुलं, तिथे आपलं हसू होईल असं? अगं, मी आले तेव्हा मला दुकानात मीठ मागता येत नव्हतं. मी साखर घेऊन आले आणि आठवडाभर गोड भाजी खाल्ली. कुणी मेलं नाही.

मुख्याध्यापिका मला जिन्यात भेटल्या की विचारतात, "तुमची बहीण काय म्हणतेय?" मी म्हणते, सामान बांधतेय. मला खोटं पाडू नकोस.

जे असेल ते सरळ लिही. मी तुला पाळण्यात पाहिलंय, माझ्यापासून लपवून काय मिळणार?

ताई

•

२२ डिसेंबर

ताई,

ह्याला फोन करू नकोस. त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. सासूबाईंचाही नाही. त्यांनी तर परवा स्वतःहून सांगितलं, "माझ्या गुडघ्यांसाठी थांबू नकोस." माझी सगळी कारणं एकेक करून गळून पडली, आता खरं सांगण्यावाचून इलाज नाही.  हसू नकोस.

तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंना ज्याचं कौतुक वाटलं ना, प्रत्येक प्रश्नाला प्रत्येक हात वर, ते खोटं आहे.

म्हणजे हात खरे आहेत. पण माझा वर्गात एक नियम आहे. पाहुणे येणार असले, तपासणीचे साहेब येणार असले, की आदल्या दिवशी मी सांगते, "उद्या हात सगळ्यांचा वर हवा. ज्याला उत्तर येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा." मग मी उजव्या हातांतूनच विचारते. साहेब खूश, हेडसर खूश, मुलांची फजिती नाही. सतरा वर्षं असंच करत आले. कधी मनाला लागलं नाही. उलट मला वाटायचं मी किती हुशार. नव्या बाई आल्या की त्यांनाही शिकवायचे. कॅमेरा लावायच्या आदल्या दिवशीही सांगितलं, सवयीनं, जसं फळा पुसून ठेवा म्हणून सांगतो तसं.

आणि मग ती पालकसभा. तुला लिहिलं होतं ना, झालं ते बरं झालं? काही बरं झालं नाही.

सभा संपल्यावर एक आई माझ्याकडे आली. बसवर कंडक्टर आहे. ड्यूटीवरून तशीच आली होती, खाकी कपड्यांत, खांद्याला पिशवी. तिची मुलगी तिसऱ्या बाकावर बसते. गप्प असते. गणितात काठावर पास होते, कधी होत नाही. आईनं माझे दोन्ही हात धरले. म्हणाली, "बाई, घरी ही म्हणते मला गणित येत नाही. मी रागवायचे. पण आज पडद्यावर बघितलं. अकरा वेळा हात वर केला हिनं. मी मोजले. आमची मोजायची सवय असते ना, माणसं मोजायची."

 मी हसले. हो, ताई, मी हसले.

मग ती म्हणाली, "तुम्ही एकदाही तिला विचारलं नाहीत, पण वर्ग केवढा मोठा, तुम्ही तरी कुणाकुणाला विचारणार!" माझीच बाजू घेत होती बाई. "येतंय पोरीला, एवढं मला कळलं, बस्स," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मुलगी शेजारी उभी होती. ती एका शब्दानं सांगू शकली असती. आई, तो डावा हात होता. पण तिनं मान खाली घातली आणि बुटाच्या टोकानं फरशी घासत राहिली. बारा वर्षांची पोर मला सांभाळून घेत होती. आपल्या आईसमोर आपलं खोटं कौतुक सहन करत होती, कशासाठी, तर माझी अब्रू राहावी म्हणून!

लाज वाटते म्हणजे काय हे मला आत्तापर्यंत ठाऊक नव्हतं असं वाटतं. रोज तिसऱ्या तासाला सातवीवर जाते आणि तिसऱ्या बाकाकडे बघायचं टाळते. घरी कुणाला सांगितलेलं नाही. ह्याला सांगायला गेले दोनदा, आणि दोन्ही वेळा भाजीत मीठ कमी आहे का विचारून परत आले.

आता तूच सांग, या गोष्टीच्या जोरावर मिळालेल्या नोकरीवर सही कशी करू? आणि नाही केली तर तुला तिथे काय तोंड राहील? तुझ्या शब्दावर त्यांनी अर्ज घेतला. मी तुलाही खड्ड्यात घातलं.

मुंगी

•

८ जानेवारी

मुंगे,

तुझं पत्र ग्रंथालयातच उघडलं आणि मग कपाटांच्या मागे जाऊन वाचलं. मुलांनी बघू नये म्हणून.

तू मला खड्ड्यात वगैरे घातलेलं नाहीस. मला माहीत होतं.

व्हिडिओ सुरू झाल्यावर दुसऱ्याच प्रश्नाला ओळखलं. बाकीच्यांना दिसले बेचाळीस हात. मला दिसले डावे आणि उजवे. चौथ्या प्रश्नाला छत्तीस डावे होते. माझ्या हातातला चहा तसाच गार झाला. मी एक अक्षर बोलले नाही. मुख्याध्यापिका "एकही मूल घाबरलेलं नाही" म्हणाल्या तेव्हा मीही सगळ्यांबरोबर मान डोलावली.

तू ही युक्ती कुणाकडून शिकलीस ते तू लिहिलं नाहीस. माझा मान ठेवलास की विसरलीस, देव जाणे. माझ्या आईकडून शिकलीस. सहावी, सातवी, आठवी, आपण दोघी तिच्या वर्गात होतो, तू पुढे आणि मी मागे. मी तुझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण दोनदा नापास होऊन त्याच वर्गात बसले, हे घरात कुणी काढत नाही. साहेब आले की तुझा उजवा हात ताडकन वर जायचा. आई तुलाच विचारायची. माझा डावा. तीन वर्षं, मुंगे. पोटच्या पोरीचा डावा हात ती बघायची आणि नजर पुढे सरकवायची. घरी आल्यावर बोलायची नाही, रागवायची नाही, काही नाही. जेवायला वाढायची. मी वाट बघायचे की आता तरी म्हणेल, ये, बस इथे, काय कळत नाही ते दाखव. थकलेली असायची गं, तिला तरी किती दोष द्यायचा. राग धरून पाहिला मी, फार काळ धरवला नाही.

पण एवढं खरं, की अजूनही इथल्या बैठकीत हात वर करायची वेळ आली तर माझा डावाच वर जातो. आणि मला कुणी विचारू नये असंच वाटतं. पुस्तकांपाशी काम धरलं, फळ्यापाशी नाही, ते काही उगाच नाही.

मग हे सगळं ठाऊक असून मी गप्प का बसले? कारण मला तू इथे हवी होतीस. एवढंच. वरची खोली अकरा महिने रिकामी आहे आणि मी रोज तिच्याकडे बघते. सुट्टीच्या दिवशी माझं कुणाशी बोलणंच होत नाही, तोंडाला वास येतो बंद राहून. त्या छत्तीस मुलांचं काय, हा विचार मनात आला होता. मी तो बाजूला सारला. तुला एकटीलाच लाज वाटते असं समजू नकोस.

आता माझं ऐक. काही बोलू नकोस. सही कर आणि ये. इथे वर्गात अठराच मुलं असतात, इथे तुला त्या युक्तीची गरज पडणार नाही. झालं ते झालं. तुझ्या तिथल्या मुलांना दुसरी बाई मिळेल, तीही हेच करील, सगळेच करतात. तू तिथे राहून ते बदलणार आहेस का?

हे चुकीचं बोलतेय हे कळतंय मला. तरी बोलतेय. ये गं.

ताई

•

२५ जानेवारी

ताई,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चिडले, मग परत रडले. लेकीनं विचारलं काय झालं, तर कांदा चिरत नसतानाही कांदा म्हटलं.

मावशीचं मी मुद्दामच लिहिलं नव्हतं. पण तू मागच्या बाकावर होतीस हे मी खरंच विसरले होते. मी कधी मागे वळून बघितलंच नाही. पुढच्या बाकावरच्यांना तेवढी गरज पडत नाही. माफ कर म्हणायला फार उशीर झालाय, तरी म्हणते.

तुझं न ऐकता मी तुमच्या मुख्याध्यापिकाबाईंना सगळं कळवलं. डावा, उजवा, सगळं. तुझं नाव कुठेही घेतलं नाही, तू निर्धास्त राहा. वाटलं होतं, दोन ओळींचं कोरडं उत्तर येईल आणि सुटेन. चौथ्या दिवशी उत्तर आलं. काय लिहिलंय सांगू? "असं कबूल करायला धैर्य लागतं. आम्हाला अशीच शिक्षिका हवी आहे. जागा तुमचीच आहे, आमच्या मनात आता जराही शंका नाही."

शाबासकी! परत मलाच शाबासकी! खोटं बोलले तरी माझी निवड, खरं बोलले तरी माझी निवड. कंडक्टर बाईच्या हातात मात्र दोन्ही वेळा काही नाही. इतकी शरमले की ते उत्तर ह्याला वाचून न दाखवता त्याच्या हातातच दिलं. मग त्याला सगळं सांगितलं.  तो म्हणाला, "मुलांना सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. हेडसरांना सांगायचं ठरवत होते, परक्या देशात सांगून झालं होतं, आणि ज्यांचं होतं त्यांनाच नाही. मला मेलीला सुचलंच नाही.

सोमवारी तिसऱ्या तासाला सांगितलं. टेबलाला धरून उभी राहिले. म्हटलं, "तो डाव्या हाताचा नियम आजपासून बंद. तो चुकीचा होता. तुमची चूक नाही, माझी. पाहुणे असोत नसोत, ज्याला येत नाही त्यानं हात खालीच ठेवायचा, आणि मी खालच्या हातांनाच आधी विचारणार." मुलं बघतच राहिली. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मग फळ्यावर लिहिलं, तीन चतुर्थांश मोठे की दोन तृतीयांश? पाचवीचा प्रश्न.

सहा हात वर आले. बेचाळीसमधून सहा.  ताई, वर्षभर मी त्या सहा जणांना शिकवत होते, बाकीच्यांच्या नुसती समोर उभी होते.

हेडसरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बाई, एवढं मनाला काय लावून घेता, सगळीकडे चालतं." मी म्हटलं माझ्या वर्गात नाही चालणार. त्यांचं तोंड वाकडं झालं. झालं तर झालं. शाळा सुटल्यानंतरचा एक तास मी मागून घेतलाय, अपूर्णांक मुळापासून. काल पहिल्या दिवशी एकोणीस मुलं थांबली.

मी येत नाहीये. कागद सही न करता आज सकाळीच परत पाठवलाय. तू वरच्या खोलीकडे रोज बघतेस हे वाचल्यापासून जेवायला बसले की तेच आठवतं, आणि तरी नाही येत. सुट्टीत लेकीला घेऊन महिनाभर येईन, तेव्हा तुझं तोंड बंद राहणार नाही याची काळजी घेऊ. तोवर शिव्या द्यायच्या असतील तर पत्रातून दे, मोकळेपणानं दे. मला त्या हव्यात.

हे वाचून तू म्हणशील की मी मोठी त्यागमूर्ती झाले. अजिबात नाही. मी का थांबले ते सांगते आणि संपवते.

काल तास संपल्यावर कंडक्टर बाईची मुलगी मागे राहिली. दप्तराचा पट्टा सारखा करत होती, जाईना. मी तिच्याजवळ जाऊन बसले, बाकावर, शेजारी. म्हटलं, "आईला मी स्वतः येऊन सांगणार आहे, की चूक माझी होती. तिची ड्यूटी कधी सुटते?" ती म्हणाली, "दोन वाजता. पण बाई, आई रडेल." मी म्हटलं, "रडू दे. मग मला बोलेल. बोलायलाच हवं तिनं."

मग तिला विचारलं, "अगं, तुला इतके दिवस येत नव्हतं तर पाहुणे गेल्यावर एकदा तरी माझ्याकडे यायचंस. सांगायचंस तरी."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, काही नाही. साधं, जसं कुणाला वेळ विचारली की सांगतात तसं म्हणाली,

"बाई, मी हात वर केला होता ना."

मुंगी